शनिवारी, बेळगावच्या बाजारात

वार तेवढा लक्षात ठेवा, शनिवार. साल आपण बदलत जाऊ.

पहिलं साल १९०४च्या आसपासचं. पहाट आहे. धुकं इतकं दाट की पुढच्या गाडीचा कंदील दिसतो, बैल दिसत नाहीत. तुम्ही एका बैलगाडीत मागे, मिठाच्या पोत्यांवर पाय सोडून बसला आहात. गाडी वेंगुर्ल्याहून निघून आंबोलीचा घाट चढून आली आहे. मीठ, नारळ, सुकी मासळी घाटावर येते आणि परतीला धान्य, गूळ, मिरची खाली कोकणात उतरते. रेल्वे येऊन बरीच वर्षं झाली, मुंबईचा माल पुण्यावरून बेळगाव स्टेशनात पोचतो, तरी घाटाची वाट अजून मोडलेली नाही. गाडीवान उतरतो, बैलांच्या मानेवरून हात फिरवतो आणि तुम्हाला म्हणतो, "उतरा पाव्हणं. हितनं पुढं चालतच जावा. बाजारात गाडी शिरायची न्हाई."

खडे बाजाराच्या तोंडापासूनच तुम्हाला त्याचं म्हणणं पटतं. उचगाव, हिंडलगा, बेळगुंदी, येळ्ळूर, कडोली अशा चारी बाजूंच्या गावांतून बायका डोक्यावर पाट्या घेऊन आल्या आहेत. वांगी, मेथी, लाल मातीची रताळी, पानात बांधलेले लोण्याचे गोळे. दव अजून पानांवर आहे. एका दुकानापुढे धान्य मोजणं चाललंय. मापारी पहिली पायली भरतो आणि 'एक' न म्हणता "लाभ" म्हणतो, मग दोन, मग तीन. तुम्ही त्याच्या हाताकडे बघत राहता, कारण पायलीवर शीग किती चढवायची हे त्या हातावर अवलंबून असतं.

पूर्वेकडून, बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानातून जोंधळा आणि कापूस घेऊन आलेले शेतकरी कानडी बोलतात. त्यातला एक जण भाजीवालीला "येष्टु?" विचारतो. ती मराठीत सांगते, "दीड आणा." तो मान हलवतो, पुढे जायला लागतो. "अवो अण्णा, मी खोटं कशाला सांगतो? घेऊन बघा की!" इकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात, मी सांगतो, मी जातो, मी देतो. अण्णा परत फिरतो. सव्वा आण्यावर तुटतं. दोघांनी दोन भाषांत घासाघीस केली आणि कुणालाही दुभाष्या लागला नाही. हे दृश्य नीट बघून घ्या. पुढची कितीही सालं बदलली तरी या बाजारात ते तुम्हाला भेटणार आहे.

उन्हं वर आली की एका दुकानाशी थांबा. बाहेर बोर्ड आहे किर्लोस्कर बंधूंचा. या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली सायकलींपासून झाली असं धरतात. लक्ष्मणराव मुंबईला शिकवत होते, तिथून ते सायकली पाठवायचे. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे आणि बसायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घ्यायचे. आता दुकानात कडबा कापायची यंत्रं आहेत आणि दाराशी एक लोखंडी नांगर उभा आहे. शेतकरी त्याच्याभोवती फिरतात, फाळाला बोट लावून बघतात आणि निघून जातात. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी समजूत आहे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं जावी लागली. तुमच्या खिशात पैसे असते आणि रान असतं तर तुम्ही घेतला असता का, हे स्वतःला विचारून बघा.

पुढे १९१० साली नगरपालिकेला ही जागा हवी होईल. लक्ष्मणराव औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर जातील आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहील. बेळगावकडे उरेल ते रस्त्याचं नाव, किर्लोस्कर रोड. त्या जागेपायी बेळगावने काय गमावलं याचा विचार आला की मला आजही चुटपुट लागते.

आता वीस वर्षं पुढे या. डिसेंबर १९२४चा शेवटचा आठवडा, थंडी कडक. टिळकवाडीच्या मोकळ्या जागेत तंबूंचं एक गावच उठलंय, नाव विजयनगर. २६ आणि २७ डिसेंबरला इथे काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष महात्मा गांधी. हा मान त्यांनी आयुष्यात एकदाच घेतला, तो इथे. पाण्यासाठी मुद्दाम खणलेल्या विहिरीला पंपा सरोवर म्हणतात. इथले काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे यांची धावपळ सगळीकडे दिसते. तुम्ही खरेदीला आला आहात, म्हणून तुमचं लक्ष एका गोष्टीवर जाईल. या अधिवेशनात ठरतंय की काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला २००० यार्ड सूत द्यायचं. वर्गणी सुतात! खादीच्या टोप्या, पंचे, जाडंभरडं कापड यांच्याभोवती गर्दी आहे. लोक कापड घेतात आणि बोटांनी चोळून बघतात.

तुम्हाला मात्र आईसाठी लुगडं घ्यायचंय. कुणीही सांगेल, "मग शहापूरला जावा." तुम्ही निघता. रस्ता तोच, धूळ तीच, दोन्हीकडची घरंही तशीच. पण चालता चालता तुम्ही इंग्रजांचं राज्य मागे टाकलेलं आहे. बेळगाव मुंबई इलाख्यात, आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात. लुगडं घ्यायला तुम्ही राज्य ओलांडलंत आणि तुमच्या पायाला ते कळलं नाही. बेळगावच्या सीमेबद्दल आपण बोलतो तेव्हा १९५६पासून सुरुवात करतो. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे सरहद्द बाजारातून जात होती, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

शहापूरच्या खडे बाजारात पायातलं बाहेर काढा आणि गादीवर बसा. आतल्या गल्ल्यांतून हातमागांचा खटखटाट येतोय. दुकानदार घाई करत नाही. आधी पाणी, मग चौकशी, कुणासाठी, वय काय, रंग कोणता चालतो. मग एकेक घडी उलगडायला लागते. काळी चंद्रकळा. इरकली काठ, लाल पदर. गुळेदगुड्डचे खण वेगळ्या गठ्ठ्यात. तो कापड तुमच्या मनगटावर टाकतो आणि उजेडाकडे धरतो, म्हणजे वीण दिसावी. कोपऱ्यात बसलेला एक विणकर हसून सांगतो की हातसूत तुटतं फार, मागावर धोटा सारखा थांबवावा लागतो. टिळकवाडीत चाललेल्या ठरावाचं वजन तुम्हाला या एका वाक्यात कळतं. देशाने सूत काढायचं ठरवलं, पण ते विणायचं याच्या बोटांनी.

नोव्हेंबर १९५६. दिवाळी. या सालात जरा सावकाश चाला.

जानेवारीत इथे रक्त सांडलंय. बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार हे कळल्यावर लोक रस्त्यावर आले आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला. बेळगावात माणसं पडली, निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. किर्लोस्कर रोडच्या परिसरातल्या हुतात्मा चौकात आजही दर वर्षी त्या दिवशी फुलं वाहतात. आणि आता ऐन दिवाळीत, गुरुवारी १ नोव्हेंबरला, जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. शुक्रवारी लक्ष्मीपूजन झालं. तुम्ही बाजारात आहात ते शनिवारी.

गणपत गल्लीत पणत्या, बत्तासे, लाह्या यांचे उरलेले ढीग आहेत. फटाक्यांच्या कागदांचा चोथा पायाखाली. एका पेढीवर डोकावून बघा. काल पूजा झालेली नवी कीर्दवही गादीवर आहे, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि 'श्री'. मुनीम आजची पहिली नोंद करतोय, मराठीत. गेल्या दिवाळीची वही मुंबई राज्यातली, ही म्हैसूरची. रकाने तेच, जमा-नावे तेच, गिऱ्हाइकंही तीच. हिशेब अजून रुपये, आणे, पैत चाललाय. नवे पैसे एप्रिलमध्ये येतील. मुनीम चष्म्यावरून तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "तुम्ही कुठले?" या प्रश्नाला आज इथे जे वजन आहे ते गेल्या आठवड्यात नव्हतं.

बाहेर भिंतीला टेकून चंदगडकडची एक म्हातारी बसली आहे. पुढ्यात नाचणी आणि शिकेकाई. परवापर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. तो मुंबई राज्यातच राहिला, आता कोल्हापूर जिल्ह्याला जोडलाय. म्हणजे म्हातारीचं गाव एका राज्यात आणि तिचा बाजार दुसऱ्या राज्यात. तुम्ही तिला ते सांगायला जाऊ नका. तिला ते कळलेलं आहे. ती म्हणते, "बाजाराला यायचं कुठं ऱ्हातंय व्हय? नाचणी कुणाला घालू मग?"

सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, मोर्चे, १९८६चं आंदोलन, २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. मी ते इथे पुन्हा सांगत नाही. म्हातारीच्या नातीसुना अजून शनिवारी बेळगावलाच येतात, हे मात्र सांगायला हवं. कोर्टाच्या कागदात ते येणार नाही.

आता याच जिल्ह्यातलं निपाणी. साल १९८१, मार्च महिना.

एस.टी. कागलच्या पुढे येते आणि थांबते. पुणे-बंगळूर महामार्गावर माणसंच माणसं बसली आहेत. तंबाखूचे शेतकरी. बैलगाड्या, चुली, पोरंबाळं, सगळं रस्त्यावर. शेतकरी नेते शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्यामागे हा अख्खा टापू उठून आलाय. तुम्ही उतरून चालायला लागता आणि वास येतो. निपाणीला वासाने ओळखायचं असतं. वखारीच्या पत्र्याच्या दारातून जर्द्याची बारीक धूळ बाहेर येते, डोळ्यांत झोंबते, नाकात बसते. आत बायका तोंडाला फडकी बांधून तंबाखू चाळताहेत. त्यांच्या खोकल्याचा आवाज चाळणीच्या आवाजात मिसळून जातो. गावातले महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत याच माणसांच्या कथा लिहितात. त्यांचं पुस्तक हाताला लागलं तर घेऊन ठेवा. वखारीतल्या बाईचं जगणं त्यांच्याइतकं जवळून लिहिणारे मराठीत फार थोडे झाले.

शेतकऱ्यांचं म्हणणं साधं आहे. भाजीवाली आपल्या वांग्यांचा भाव स्वतः सांगते. तंबाखू पिकवणाऱ्याला तेवढंही करता येत नाही. भाव व्यापारी सांगणार आणि तो शेतकऱ्याने ऐकायचा. ६ एप्रिलला इथे गोळीबार होईल आणि शेतकरी मरतील. बाजार म्हटलं की आपल्याला दुकानं, रंग, गर्दी आठवते. निपाणीच्या त्या रस्त्यावर बसलेल्यांनी बाजाराची दुसरी बाजू दाखवली, आणि ती पाहिल्याशिवाय पिशवी भरून परत जाणं बरं नव्हे.

पण तुम्ही पायताण घ्यायला आला होता, तेही घ्या. या पट्ट्यात, निपाणीपासून अथणीपर्यंत, ज्याला जग कोल्हापुरी म्हणतं ती चप्पल पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. तळाचे थर कातड्याच्याच वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. दुकानात नव्हे, कारागिराच्या घरी जा. तो तुमचा पाय आधी बघेल. नवी चप्पल दोन-चार दिवस चावते, त्याला नाइलाज आहे. तेल लावा आणि घालत राहा.

ही चप्पल हातात असताना थोडं पुढचं सांगतो. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते एकट्या महाराष्ट्राला मिळालं नाही. महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, असं दोघांना मिळून दिलं. कर्नाटकाच्या चारांत बेळगाव आहे. आमच्या काही मित्रांना ही वाटणी रुचली नाही. मला ती योग्य वाटते, कारण चप्पल करणारे हात खरोखरच दोन्हीकडे आहेत. आणि जून २०२५मध्ये इटलीतल्या मिलान शहरात, जिथे जगभरचे श्रीमंत लोक खरेदीला जातात, प्राडा या कंपनीने जवळजवळ हीच चप्पल आपली म्हणून मंचावर चालवली. कारागिरांचं नावसुद्धा घेतलं नाही. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. मिलानच्या दुकानात तुमच्या पायाकडे कुणी असं निरखून बघणार नाही, जसं अथणीचा कारागीर बघतो. तिथली किंमत या माणसाच्या वर्षाच्या कमाईशी ताडून बघावी लागेल, हे मनाला लागतं.

शेवटचं साल आजचं. गाव तेच, नाव आता सरकारी कागदात बेळगावी. २०१४पासून.

मध्यवर्ती बसस्थानकावर उतरा आणि रिक्षा करू नका, खडे बाजार पायी गाठा. दुकानांच्या पाट्यांवर वरचा मोठा भाग कन्नडचा आहे. साठ टक्के कन्नड हवं, असा २०२४चा कायदा आहे. पाटीवर मराठी बारीक झाली, काही ठिकाणी उरलीच नाही, याचं दुःख मी लपवत नाही. पण पाटीखाली उभे राहा आणि ऐका. गल्ल्यावर मराठी, आत माल काढणाऱ्या पोराशी कन्नड, शेजारच्या दुकानदाराशी दख्खनी उर्दू, गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणी. एकच माणूस बोलतोय हे सगळं.

गणपत गल्लीतून मारुती गल्लीत, तिथून रामदेव गल्लीत, असं हिंडा. रामलिंगखिंड गल्लीपर्यंत गेलात तर पिशवी जड झालेली असेल. कुंदा घ्या, पण कुठल्याही दुकानातला आधी चमचाभर चाखून. दूध आटवत, करपू न देता, तांबूस रंगावर आणायचं असतं, साखरेचा चटका लागून त्याला तो विशिष्ट खमंगपणा येतो. एका मारवाडी हलवायाच्या चुलीवर दूध विसरलं आणि कुंदा जन्मला, अशी कथा गावात सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, चव खरी आहे. फार पांढरा किंवा फार गोड कुंदा घेऊ नका. मांडे मिळाले तर चुकवू नका. पीठ हातावर नाचवत नाचवत कापडासारखं पातळ करायचं, उपड्या खापरावर टाकायचं, पिठीसाखर भुरभुरून गरम असतानाच घडी घालायची, हे काम करणारे हात आता कमी होत चाललेत. घरी नेताना मांड्यांचा डबा मांडीवर ठेवा, खाली नको.

उन्हाळ्यात आलात तर मिरची. संकेश्वरी लांब, बारीक, तिखट. ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला. दोन्ही मिसळून चटणी कांडतात, म्हणून दोन्ही घ्या आणि प्रमाण विकणारीला विचारा. पावसाळा सरता सरता रताळी येतात, पश्चिमेकडच्या लाल मातीतली, उपासाच्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या मंडईत तुम्ही खाल्लेली असतील ती. इथे माती लागलेली मिळतात आणि माती लागलेलीच घ्यायची असतात, टिकतात.

लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर पुन्हा शहापूर. नाथ पै चौकाच्या आसपास आणि खडे बाजारात दुकानं रांगेने आहेत. गोव्याची कुटुंबं गाड्या भरून येतात, कोल्हापूर-गडहिंग्लजची येतात. सांगली संस्थान केव्हाच विलीन झालं, हातमाग जवळजवळ गेले, वडगाव-खासबागेत यंत्रमागांचा आवाज आहे आणि त्या यंत्रमागवाल्यांचंही सुरतेच्या स्वस्त मालापुढे कठीण चाललंय. म्हणून साडी घेताना ती इथे विणलेली आहे का, असं स्पष्ट विचारा. दुकानदार खरं सांगतात. इथे विणलेली थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

आणि एक विनंती. पुण्या-मुंबईहून येणारी बरीच मराठी माणसं कर्नाटकात आलो म्हणून इथे हिंदीत बोलायला सुरुवात करतात. भाजीवाली त्यांना मराठीत उत्तर देते, तरी ती हिंदीच रेटतात. असं करू नका. समोरचा कन्नड बोलला तर दोन शब्द त्याचे शिकून घ्या, तो आनंदाने शिकवेल. पण पहिला भाव मराठीतून विचारा.